एका खात्याची वर्दी, दुसऱ्या खात्याचा निर्णय

प्रस्तावना

सोमाटण्यातला एखादा गट विकला गेला की त्या व्यवहाराची पहिली सरकारी खूण उमटते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. दस्त नोंदला जातो, मुद्रांक शुल्क भरले जाते, सूची क्रमांक दोन निघते. गावच्या सातबाऱ्यावर मात्र त्या दिवशी जुन्याच मालकाचे नाव असते. निबंधक नोंदणी व मुद्रांक विभागाचा, तलाठी महसूल विभागाचा आणि गटाचा नकाशा भूमी अभिलेख विभागाचा. गट रस्त्याला लागून असेल तर रस्ते विकास महामंडळ, बांधकाम करायचे असेल तर पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे पीएमआरडीए, जमिनीवर कर्ज असेल तर बँक, पीक विमा घ्यायचा असेल तर कृषी विभाग. जमीन एकच, तिच्याविषयी बोलणारी कार्यालये अर्धा डझन, आणि प्रत्येकाला दुसऱ्याजवळचे काहीतरी हवे असते.

हे कोडे नवे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५४ नेमके यावरच आहे. हक्कनोंदीतल्या जमिनीचा दस्त नोंदला गेला की नोंदणी अधिकाऱ्याने त्याची खबर गावच्या तलाठ्याला आणि तालुक्याच्या तहसीलदाराला कळवायची. एका खात्याने दुसऱ्या खात्याला माहिती देण्याची ही कायद्याने घातलेली सक्ती. पण या कलमापेक्षा मला नेहमीच अधिक शहाणपणाचे वाटत आले आहे ते कलम १५०. आलेली खबर तलाठी थेट सातबाऱ्यावर चढवत नाही. तो ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये घेतो, चावडीवर लावतो, हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते, आणि नोंद प्रमाणित करतो तलाठी नव्हे तर त्याच्या वरचा मंडल अधिकारी. दुसऱ्या खात्याकडून आलेली माहिती ही इथे वर्दी मानली आहे. वर्दीवर कारवाई सुरू होते, निकाल लागत नाही.

या संग्रहातले लेख वेगवेगळ्या हातांचे आहेत, त्यांची मते एकमेकांशी पटतातच असे नाही. तरी संपादन करताना आमच्या मनात प्रश्न एकच राहिला. सरकारच्या एका खात्याजवळची माहिती दुसऱ्याच्या हाती जाताना ती सुरक्षित राहावी म्हणजे नेमके काय व्हावे? आणि ती पोचल्यावर तिचे वजन किती धरावे? पहिल्या प्रश्नावर तंत्रज्ञ भरपूर बोलतात. दुसऱ्याकडे सहसा कोणी वळत नाही, आणि सामान्य माणसाचे नुकसान बहुधा तिथेच होते.

मावळ तालुका या विषयाला दृष्टान्त म्हणून कामाचा आहे. सोमाटणे फाट्यावरून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो, जवळच द्रुतगती मार्ग, पलीकडे तळेगावची औद्योगिक वसाहत, अलीकडे देहूरोडचे लष्करी आगार. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले तेव्हा तालुका दोन पोलीस यंत्रणांत विभागला गेला. सोमाटणे-तळेगावची बाजू आयुक्तालयाकडे गेली, वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणकडे राहिले. तहसील मात्र एकच, वडगावला. मोटारसायकल तळेगावात चोरून कामशेतला विकणाऱ्याला ही हद्द ठाऊक नसते; तिची अडचण होते ती फिर्याद घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला. देशभरातली पोलीस ठाणी एका जाळ्यात आणण्यासाठी २००९ मध्ये मंजूर झालेला सीसीटीएनएस प्रकल्प अशाच हद्दी ओलांडण्यासाठी होता.

इतिहासात मागे गेले की कळते, आपल्याकडे माहिती दोन ठिकाणी ठेवण्याची पद्धत जाणूनबुजून होती. गावात कुलकर्णी लिहीत असे, परगण्याला देशपांडे. दोघांची दप्तरे वेगळी. एकाने आकडा फिरवला तर दुसऱ्याच्या दप्तरात तो सापडावा हा त्यातला हेतू. आज संगणकाच्या भाषेत याला माहितीची अनावश्यक पुनरावृत्ती म्हणतील आणि एकाच ठिकाणी साठवा असा सल्ला देतील. जुन्या कारभारात ती पुनरावृत्ती हीच राखण होती.

पेशवाई गेल्यावर पुण्यातले दप्तर इंग्रजांच्या हाती आले. हिशेब, सनदा, इनामे, नेमणुका, सगळे एका जागी. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला कायदेशीर बळ मिळाले आणि लोकांची इनामे खरी की खोटी हे तपासायला हेच दप्तर वापरले गेले. ज्या कागदांवर पेशव्यांच्या कारकुनांनी देणे-घेणे लिहिले होते, तेच कागद पुढच्या सरकारने लोकांचे हक्क काढून घेण्यासाठी पुरावा म्हणून वाचले. सनद हरवली होती, दप्तरात नोंद सापडत नव्हती, अशा कित्येकांच्या जमिनी गेल्या. १८५७ च्या आसपास दक्षिण महाराष्ट्रात जो असंतोष होता त्याच्या कारणांत इतिहासकार या कमिशनचे नाव घेतात. दुसरीकडे, हेच दप्तर इतिहास संशोधकांना मात्र दशकानुदशके नीट पाहू दिले गेले नाही. १९३० च्या सुमारास गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे त्यातले निवडक कागद संपादित करण्याचे काम आले, तेव्हा कुठे ते पंचेचाळीस भागांत लोकांसमोर आले. सरकारी खात्याला दार उघडे, ज्यांच्याविषयी ते कागद होते त्या लोकांना बंद. ही रीत पुढेही सुटलेली नाही, तिच्याकडे मी खाली पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकात या विषयाला आकार दिला तो लष्कराने आणि हेरखात्यांनी. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम त्याच विचारातला. अतिगुप्त, गुप्त, गोपनीय असे शिक्के मारायचे, आणि ज्याला कामासाठी गरज आहे त्यालाच कागद दाखवायचा. १९७३ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी बेल आणि लापादुला या दोघांनी हाच विचार गणिती नियमांत बसवला. खालच्या दर्जाच्या माणसाने वरच्या दर्जाचा कागद वाचू नये हे त्यातले कुणालाही सुचणारे कलम. दुसरे अधिक बारीक: वरच्या दर्जाचा कागद हाताळणाऱ्याने खालच्या दर्जाच्या वहीत काही लिहूही नये, नाहीतर गुपित त्या वाटेने झिरपते. संगणकांच्या सुरक्षेचे शास्त्र बराच काळ या नियमांच्या सावलीत वाढले.

या पंथाची उणीव आपण फार महागात शिकलो. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीने खात्याखात्यांत अडकून पडलेल्या माहितीकडे बोट दाखवले, आणि त्यातून २००१ मध्ये केंद्रीय गुप्तवार्ता विभागात मल्टी एजन्सी सेंटर उभे राहिले. तरीही मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला झालाच. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीसमोर जे चित्र आले ते माहितीच्या दुष्काळाचे नव्हते. २००६ पासून समुद्रमार्गे हल्ल्याच्या शक्यतेसह अनेक सूचना केंद्रीय यंत्रणांकडून येत होत्या. त्या सूचना एकत्र वाचून त्यांचा अर्थ लावण्याची आणि पुढे कोणी काय करायचे हे ठरवण्याची पद्धत मंत्रालयाच्या पातळीवर धड नव्हती. समितीच्या अहवालावर तेव्हा राजकारण बरेच झाले. प्रशासनाच्या विद्यार्थ्याने तो टपालाची गोष्ट म्हणूनही वाचावा असे मी सुचवेन: कागद कुठून आला, कुणाच्या टेबलावर गेला, तिथून पुढे का हलला नाही. ३१ डिसेंबर २००८ ला मल्टी एजन्सी सेंटरची नव्याने बांधणी झाली आणि माहिती देणे हे सदस्य यंत्रणांचे बंधन ठरवले गेले. पुढच्याच वर्षी वेगवेगळ्या यंत्रणांचे माहितीसाठे जोडणाऱ्या नॅटग्रिडची कल्पना आली.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर हेच घडले होते, जरा अधिक जोमाने. गरज असेल त्यालाच द्या हे जुने सूत्र जाऊन वाटून घ्या हे नवे सूत्र आले. परराष्ट्र खात्याच्या तारा संरक्षण खात्याच्या बंदिस्त जाळ्यावर उपलब्ध झाल्या. २०१० मध्ये इराकमधल्या तळावर काम करणाऱ्या एका सैनिक-विश्लेषकाने त्यातल्या अडीच लाखांच्या आसपास तारा उतरवून घेतल्या आणि त्या विकिलीक्सने प्रसिद्ध केल्या. त्या फुटीनंतर परराष्ट्र खात्याने ती जोडणी तोडली. म्हणजे नऊ वर्षांत लंबक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत आला. त्या तारा उघड झाल्याने जगाचे भले झाले की वाईट यावर वाद आहेत आणि ते राहतील. आपल्या विषयापुरता मुद्दा असा की तो सैनिक कुठलेही कुलूप फोडून आत शिरला नव्हता. त्याला आत येण्याची परवानगी होती. तो काय आणि किती उचलतो आहे हे पाहणारे कोणी नव्हते.

याहून साधी, आणि म्हणून अधिक बोलकी, गोष्ट इंग्लंडची. ऑक्टोबर २००७. तिथल्या महसूल खात्याने लेखापरीक्षण कार्यालयाला दोन सीडी पाठवल्या. त्यांत बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांची नावे, पत्ते, जन्मतारखा, बँक खाती होती, जवळजवळ अडीच कोटी माणसांची. पासवर्ड होता, कूटबद्ध केलेले नव्हते, कुरिअरची नोंद केलेली नव्हती. सीडी वाटेत हरवल्या. खात्याच्या प्रमुखाने राजीनामा दिला. पण या प्रकरणातला खरा धडा कुरिअरचा नाही. लेखापरीक्षकांनी पत्ते आणि बँक खाती मागितलीच नव्हती. ते रकाने काढून टाका असे त्यांनी सुचवले होते. महसूल खात्याला ते रकाने वेगळे काढण्याचा खर्च जास्त वाटला, म्हणून सगळी वहीच पाठवली गेली. आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा कार्यालयात बसून पाहा, याची धाकटी भावंडे रोज जन्मतात. समोरच्याला हव्या असतात चार गावांच्या बेरजा, आणि व्हॉट्सअॅपच्या गटावर येते ती संपूर्ण तालुक्याची एक्सेल, मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांकांसकट. कारण बेरीज करायला वेळ लागतो, फाइल ढकलायला लागत नाही.

इथे या क्षेत्रातल्या मुख्य विचारधारा एकमेकींपासून वेगळ्या होतात. काहींचा भर मध्यवर्ती साठ्यावर आहे. सगळ्या खात्यांच्या याद्या एका जागी आणा, एकमेकींशी ताडून पाहा, बोगस नावे आपोआप वर येतील. तेलंगणाची समग्र वेदिका हे या वाटेवरच्या ठळक उदाहरणांपैकी एक. तिथे संगणकाने अपात्र ठरवलेल्या शिधापत्रिका मोठ्या संख्येने रद्द झाल्या, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांची घरोघरी जाऊन फेरतपासणी करायला सांगावे लागले. दुसरी विचारधारा म्हणते, साठा करूच नका. ज्याची वही त्याच्याचकडे राहू द्या, दुसऱ्याला प्रश्न विचारू द्या आणि फक्त उत्तर द्या. एस्टोनियाने २००१ पासून एक्स-रोड या जोडणीवर याच पद्धतीने राज्य चालवले आहे. तिथल्या नागरिकाला आपली माहिती कोणत्या कार्यालयाने केव्हा पाहिली हे स्वतः पाहता येते, आणि विनाकारण डोकावणाऱ्या कर्मचाऱ्याला जाब द्यावा लागतो. तेरा-चौदा लाखांच्या देशाचे उदाहरण तेरा कोटींच्या महाराष्ट्राला लावू नये असे लगेच कोणी म्हणेल. लोकसंख्येचा आकडा हा मला यातला खरा अडसर वाटत नाही. डोकावल्याची नोंद ठेवायला मोठे राज्य आड येत नाही, नोंद ठेवल्यावर ती दाखवायला मन आड येते. तिसरी वाट संमतीची: कागद नागरिकाच्याच हाती द्या आणि तो ज्याला दाखवायचा त्याला तो दाखवील. १ जुलै २०१५ ला सुरू झालेले डिजिलॉकर हे तिचे आपल्या ओळखीचे रूप. पण रेशन बंद होईल या भीतीने दाबलेल्या बटणाला संमती म्हणायचे का, हा प्रश्न त्या वाटेवर उभाच असतो.

न्यायालयांनी या बाबतीत काय म्हटले हे पाहायला दिल्लीपेक्षा गोव्याकडून सुरुवात करावी. जानेवारी २०१३ मध्ये वास्कोतल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. तपास सीबीआयकडे आला. घटनास्थळी मिळालेले बोटांचे ठसे गोव्यातल्या सगळ्या आधारधारकांच्या ठशांशी ताडून पाहावेत यासाठी सीबीआयने आधार प्राधिकरणाकडची माहिती मागितली आणि स्थानिक न्यायालयाने तसा आदेश दिला. प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याचे म्हणणे असे: हे ठसे लोकांनी ओळख पटवण्यासाठी दिले आहेत, गुन्ह्याच्या तपासासाठी नाहीत, आणि एक ठसा लाखोंशी ताडला की निरपराध माणसांची नावे चुकून पुढे येतील. २४ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय अशी माहिती दुसऱ्या यंत्रणेला देण्यास मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. गुन्हा इतका घृणास्पद होता की, द्या ठसे, असेच कुणाच्याही तोंडून निघावे. म्हणूनच हे प्रकरण महत्त्वाचे. एका सरकारी यंत्रणेने दुसरीला नाही म्हटले, आणि ते नाही कामचुकारपणातून आलेले नव्हते.

याच आधारची सुरुवात महाराष्ट्रातली, २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून. २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधारच्या वापराला मर्यादा पडल्या. त्या दरम्यान प्राधिकरणाने एक चांगली तांत्रिक सोय केली, तिची फारशी चर्चा झाली नाही. आधारने ओळख पटवताना अनेक यंत्रणांना मूळ क्रमांकाऐवजी एक सांकेतिक खूण मिळू लागली, आणि ती खूण प्रत्येक यंत्रणेसाठी निराळी. दोन खात्यांनी आपापल्या याद्या शेजारी ठेवल्या तरी त्या खुणांवरून एक माणूस दुसऱ्या यादीत शोधता येत नाही. ज्याला जोडायचे असेल त्याला कायद्याच्या दारातून यावे लागेल. सुरक्षेचा विचार असा रचनेतच घालता येतो याचे हे उत्तम उदाहरण. मात्र मूळ क्रमांकच फोटोकॉपीवर छापून दहा टेबलांवर ठेवला की या सगळ्याला अर्थ उरत नाही.

कायद्यांचे एक आडवे-तिडवे जाळे वाचकाला पुढे भेटेल. १९४८ चा जनगणना अधिनियम कलम १५ मध्ये सांगतो की प्रगणकाने लिहिलेली नोंद कुणालाही पाहता येणार नाही आणि ती पुरावा म्हणून चालणार नाही. हे कलम सरकारलाही बांधते. माणूस प्रगणकाला खरे सांगतो ते या हमीवर, आणि जनगणना २०२७ मध्ये जात विचारली जाणार असताना या हमीचे मोल वाढले आहे. उलट १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १३८ ने इतर यंत्रणांना माहिती देण्याची वाट आखून दिली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अनुदान आणि लाभ देण्यासाठी सरकारला माहिती वापरण्याची मुभा देतो आणि काही सरकारी यंत्रणांना त्यातून वगळण्याची सोयही ठेवतो. त्याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले आणि व्यापक जनहितासाठी वैयक्तिक माहिती देण्याची त्या पोटकलमातली तरतूद काढून टाकली. कलम ८(२) अजून आहे असे सरकारचे उत्तर असते. ते खरे आहे. तरी एकूण कल कुठे आहे? खात्यांमधली दारे रुंद होत आहेत आणि नागरिकाच्या बाजूची अरुंद. पेशवे दप्तराची आठवण मला इथे होते.

आता या सगळ्याची आज घाई का, हे सांगायला हवे. जुलै २०२४ मध्ये महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणारी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. अर्ज भराभर मंजूर झाले आणि पडताळणी नंतर आली. परिवहन विभागाकडून चारचाकी वाहनांच्या याद्या महिला व बालविकास विभागाकडे आल्या. अंगणवाडी सेविकांना घरोघरी जाऊन त्या तपासायला सांगितले गेले. या टप्प्यात मला कलम १५० चा वास येतो. परिवहन विभागाची यादी ही वर्दी, आणि सेविकेची भेट ही चौकशी. गाडी विकली आहे पण नाव बदललेले नाही, किंवा गाडी वेगळ्या राहणाऱ्या दिराची आहे, हे कुठल्याच संगणकाला ठाऊक नसते, सेविकेला उंबऱ्यावर कळते. पुढे २०२५ च्या जुलैत चित्र बदलले. वेगवेगळ्या विभागांच्या माहितीशी ताडून सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसतात असे महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितले. त्यांचा लाभ जूनपासून तात्पुरता थांबवला गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी त्यानंतर होणार असे ठरले. त्या यादीत खरेच अपात्र लोक होते, पुरुषांनी घेतलेला लाभही होता, आणि सरकारी तिजोरीचे पैसे वाचवणे हे सरकारचे कामच आहे. आक्षेप क्रमाला आहे. जमिनीच्या बाबतीत आपण नोटीस आधी देतो आणि नोंद नंतर करतो. दीड हजार रुपयांवर महिना काढणाऱ्या बाईच्या बाबतीत क्रम उलटा का असावा, याचे समाधानकारक उत्तर मला कुठल्याही शासन निर्णयात सापडलेले नाही.

सुरक्षित या शब्दाने वाचकाच्या डोळ्यांसमोर कुलूप येत असेल तर ते चित्र जरा मोठे करावे लागेल. माहिती नको त्या हाती पडू नये, वाटेत तिच्यात बदल होऊ नये, आणि ती वेळेवर पोचावी, या तीनही गोष्टी सुरक्षेतच येतात. दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. अक्षर बदलले की स्वाक्षरी जुळत नाही. पण स्वाक्षरी फक्त एवढेच सांगते की कागद दप्तरातल्यासारखाच आहे. दप्तर चूक असेल तर चूकही सहीशिक्क्यानिशी मिळते. हे ओळखूनच हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारे जुळवण्याची मोठी मोहीम झाली, २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. तिसऱ्या गोष्टीला मावळात जखम ताजी आहे. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चार जीव गेले. पूल धोकादायक होता ही माहिती गुप्त नव्हती, तसा फलकही तिथे होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी याच तालुक्यात, सुदुंबऱ्याला आहे. ती आली, पण तिला बोलावण्याची वेळ पूल पडल्यावरची. फलक लावणे म्हणजे माहिती दिली असे समजणारी व्यवस्था आणि रविवारी किती माणसे येतात हे पाहणारी व्यवस्था यांचे एकमेकींशी बोलणे होत नव्हते. धरणाच्या विसर्गाचे, घाटातल्या दरडींचे, २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूर आणि अलमट्टी यांच्यातल्या समन्वयाचे प्रश्न याच जातीचे. तिथे फार गोपनीयता हीच असुरक्षितता ठरते.

तंत्राचा भाग या संग्रहात आहे, पण तंत्रज्ञांसाठी लिहिलेला नाही. दोन संगणक एकमेकांना ओळखतात कसे, कूटबद्ध करणे म्हणजे काय, कोणत्या पदाला किती दिसावे हे कसे ठरवतात, पाहिल्याच्या नोंदी पुसता येऊ नयेत यासाठी काय करतात, हे तहसील कार्यालयातल्या अव्वल कारकुनाला आणि तालुक्याच्या वार्ताहराला कळेल अशा भाषेत मांडण्याचा प्रयत्न आहे. काही कंटाळवाणे विषय मुद्दाम मोठे ठेवले आहेत. गावांना दिलेले सांकेतिक क्रमांक हा त्यातला एक. इंग्रजी याद्यांत सोमाटणे तीन-चार स्पेलिंगांनी येते. क्रमांक नसेल तर दोन खात्यांची गावे जुळत नाहीत, आणि मग जुळवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अंदाजावर लोकांचे लाभ ठरतात. संरक्षण क्षेत्रातल्या गुप्त जाळ्यांविषयी मात्र पुस्तकात थोडेच आहे. जे उघड कागदांत आहे तेवढेच घेतले. ऐकीव गोष्टींनी पाने भरण्यात अर्थ नव्हता.

लेखकांमध्ये एक मतभेद शेवटपर्यंत राहिला आणि आम्ही तो मिटवला नाही. काहींना वाटते की प्रत्येक जोडणीला विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा आधार हवा, परिपत्रक पुरणार नाही. काही म्हणतात, एवढी वाट पाहिली तर पूरग्रस्ताला मदत पुढच्या पावसाळ्यात मिळेल. माझा कल पहिल्यांकडे आहे, आपत्तीचा अपवाद ठेवून, आणि अपवाद कधी संपतो हे त्याच कागदावर लिहून. कलम १५४ लिहिणाऱ्यांनी कोणाला, कशाची, किती खबर द्यायची हे कायद्यात घातले होते. ई-फेरफारने तीच खबर आता निबंधकाच्या संगणकावरून तलाठ्याच्या, म्हणजे नव्या पदनामाने ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, संगणकावर पोचवली. वेग बदलला, नोटीस, मुदत आणि प्रमाणित करणारा दुसरा अधिकारी कायम राहिले. यंत्र आले म्हणून पायऱ्या गाळाव्या लागतात असे म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुस्तकात सविस्तर दिले आहे.

लेख क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याचे नाव एखाद्या यादीतून गळले आहे त्याने लाभार्थ्यांच्या पडताळणीवरच्या लेखापासून सुरुवात करावी, ज्याच्यावर यादी करण्याची जबाबदारी आहे त्यानेही तिथूनच. पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्याच्या भूसंपादनात उर्से आणि आसपासच्या गावांतल्या ज्यांची जमीन आहे त्यांना जमीन अभिलेखांचा भाग उपयोगी पडेल. नोटीस कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीवरून निघाली, आणि ती नोंद चुकीची असेल तर अर्ज कुणाकडे करायचा, हे तिथे नमुन्यांसह दिले आहे.

सोमाटणे, तालुका मावळ